महानदीच्या खोऱ्यातील सायकलप्रवास

नागपूरहून हावड्याकडे निघालेली आगगाडी गोंदिया व डोंगरगड यांच्यामधील रानडोंगर ओलांडून राजनांदगावला पोहोचली की खिडकीबाहेरचे दृश्य एकदम मोकळे होते. तेथून पुढे दुर्ग आणि दुर्गापासून रायपूर. या साऱ्या वाटेवर दृष्टीस अडवणारे असे काही उरत नाही. भाताची खाचरे, बांधांवरची बाभळीची झाडे, मधूनमधून एखादे तळे, आणि पुन्हा खाचरे. सह्याद्रीच्या आश्रयाने वाढलेल्या मराठी माणसाला नदीचे खोरे म्हटले म्हणजे दोन्ही अंगांना डोंगरांच्या रांगा आणि मधून वाहणारे पाणी असेच चित्र आठवते. नीरेचे खोरे तसे आहे, मावळातील नद्यांची खोरी तशी आहेत. म्हणून रायपूरच्या भोवताली तो पाहू लागला तर येथे खोरे नाहीच, असे त्यास वाटल्यावाचून राहत नाही.

वस्तुतः तो भारतातील एका थोर नदीच्या खोऱ्याच्या मध्यभागी उभा असतो. महानदी धमतरी जिल्ह्यातील सिहावाच्या डोंगरात उगम पावते आणि ८५८ किलोमीटर वाहत जाऊन ओडिशाच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरास मिळते. छत्तीसगडचे मैदान हे तिचेच आणि तिच्या उपनद्यांचे काम. या मैदानाखाली चुनखडीचे व शेलचे अतिप्राचीन थर आहेत. त्यांचे वय शंभर कोटी वर्षांच्या मागे जाते आणि ते बहुतांशी आडवेच पसरलेले आहेत. त्यांच्या घड्या पडून डोंगर उभे राहिले नाहीत, म्हणून वर आलेली जमीनही आडवी राहिली. तरी पाणी वाहते, म्हणजे उतार आहे. तो इतका सौम्य आहे की डोळ्यांना दिसत नाही एवढेच.

हा न दिसणारा उतार ज्यास अचूक कळतो असा एक प्रवासी आहे. तो म्हणजे सायकलस्वार. मोटारीत बसलेल्याला चढ कळावयास इंजिनाचा आवाज बदलावा लागतो आणि पायी चालणाऱ्याची चाल इतकी संथ असते की थोडाबहुत चढ तो सहज पचवतो. सायकलीचे तसे नाही. सायकल आणि स्वार यांचे मिळून वजन ८५ किलो धरले आणि वेग ताशी १८ किलोमीटर धरला, तर सपाट डांबरी रस्त्यावर वाऱ्याचा अडसर व चाकांचे घर्षण यांच्याविरुद्ध लावावे लागणारे बळ सुमारे सव्वा किलो वजनाइतके भरते. आता रस्ता किलोमीटरमागे केवळ ५ मीटर चढू लागला, तर या बळात आणखी ४२५ ग्रॅमची भर पडते. म्हणजे हजार मीटरांत ५ मीटर, जो चढ जमिनीवर उभे राहून कोणासही ओळखता यायचा नाही, त्याने सायकलस्वाराचे श्रम एकतृतीयांशाने वाढतात. उतार लागला की तेवढेच हलके वाटते. पाणी ज्या बाजूस वाहू पाहते ती बाजू पायांना आपोआप समजते.

रायपूर शहर वसले आहे खारून नदीच्या पूर्वेस. शहराच्या नैर्ऋत्येस महादेव घाटावर हटकेश्वराचे देऊळ आहे, तेथे ही नदी पाहावयास मिळते. खारून उत्तरेकडे वाहते, सिमग्याच्या बाजूस शिवनाथ नदीस मिळते, आणि शिवनाथ पुढे पूर्वेकडे वळून शिवरीनारायणजवळ महानदीत मिसळते. इकडे खुद्द महानदी रायपूरच्या पूर्वेस ३५-४० किलोमीटरांवरून ईशान्येकडे जात असते. खारून आणि महानदी यांच्यामध्ये जी जमिनीची पट्टी राहते तिच्या पाठीवरून, रायपूरहून अभनपूर व कुरूदमार्गे, धमतरीचा रस्ता दक्षिणेस जातो. ही पाठ म्हणजे जलविभाजक. तिच्या पश्चिमेस पडलेला पावसाचा थेंब महादेव घाटाकडे जातो आणि पूर्वेस पडलेला राजीम किंवा आरंगकडे. दोघेही शेवटी शिवरीनारायणलाच भेटतात, परंतु वाटा निराळ्या.

या पाठीवरूनच १९०० साली रायपूर-धमतरी ही छोटी रेल्वे सुरू झाली. अभनपूरहून तिचा एक फाटा राजीमकडे जात असे. अडीच फुटी रुळांची ती गाडी शतकाहून अधिक काळ चालली. आता ते रूळ निघून मोठ्या मापाचे पडले आहेत, आणि २०२५ च्या मार्चमध्ये अभनपूरपर्यंत नवी गाडी धावू लागली. छोट्या गाडीच्या चालीशी सायकलीची चाल फारशी विसंगत नव्हती. नव्या गाडीबद्दल तसे म्हणता येणार नाही, आणि गावकऱ्यांना त्याचे दुःख असण्याचे कारणही नाही.

अभनपूरहून राजीमच्या बाजूस सायकल वळवली की खरा प्रवास सुरू होतो, कारण येथून जमिनीची नावे बदलू लागतात. छत्तीसगडच्या शेतकऱ्याने आपल्या जमिनीस चार मुख्य नावे दिली आहेत : भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार. ही नावे केवळ मातीच्या रंगाची नव्हेत, तर मातीच्या जागेचीही आहेत. अगदी उंचवट्यावर भाठा. तांबूस, मुरमाड, पाणी न धरणारी. येथे गुरे चरतात, आणि कोठे कोठे कोदो-कुटकी, तीळ, कुळीथ अशी काटक पिके निघतात. तिच्याखाली मटासी, पिवळसर व हलकी, सुकली की टणक होणारी. त्याखाली डोरसा, जी वरच्या आणि खालच्या दोन्ही मातींचा थोडा थोडा गुण घेऊन असते. आणि सखल भागात कन्हार, काळी, चिकण, पावसात फुगणारी व उन्हाळ्यात हाताएवढ्या भेगा पडणारी. नदीच्या अगदी काठाशी गाळाची जमीन लागते, तिला कछार म्हणतात. तेथे भाजीपाला होतो. इंग्रजी अमदानीत जमीनमहसुलाचा बंदोबस्त झाला तेव्हा ही नावे जशीच्या तशी सरकारी कागदांत घेतली गेली, आणि आजचे कृषिशास्त्रज्ञही आपल्या वर्गीकरणाची लॅटिन-ग्रीक धाटणीची नावे लिहून झाली की शेजारी हीच नावे लिहितात. शेतकऱ्याने नांगरामागे चालून केलेली ही प्रतवारी प्रयोगशाळेतील प्रतवारीशी मोठ्या प्रमाणात जुळते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

कन्हार हा शब्द मराठीस परका नाही. वैनगंगेच्या काठी, भंडारा-गोंदियाच्या भातपट्टीत, काळ्या चिकण जमिनीला हेच नाव आहे. १७५८ ते १७८७ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील बिंबाजी रतनपुरास राहून या मुलखाचा कारभार पाहत होते, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले तेव्हा छत्तीसगडही त्याच्याबरोबर इंग्रजांकडे गेले. परंतु जमिनीची नावे राजवटींच्या आधीची असावीत असाच त्यांचा थाट आहे.

सायकलस्वारास या चारही जमिनी चाकाखाली ओळखता येतात. भाठ्यावरून जाणारा रस्ता कठीण आणि सरळ असतो, कडेला तांबडा मुरूम असतो, आणि तेथे पोहोचेपर्यंत पायांना थोडे जड गेलेले असते. कन्हारातील रस्ता त्याउलट. काळी माती पावसाने फुगते व उन्हाने आकसते, त्यामुळे तिच्यावर घातलेले डांबर लाटांसारखे खालीवर होते आणि कडांना लांबट भेगा पडतात. सायकल उतारावर आपसूक धावत असावी आणि त्याच वेळी हँडलला हिसके बसू लागावेत, की समजावे, कन्हार लागली. पुढे ओढा किंवा नाला जवळच असतो.

या प्रवासास सर्वांत योग्य काळ म्हणजे नोव्हेंबरचा मध्य. त्या वेळी जमिनीचा उतार प्रथमच डोळ्यांनाही दिसू लागतो, आणि तो भाताच्या रंगावरून. वरच्या मटासीत पाणी टिकत नाही म्हणून तेथे हळवे भात घेतात. ते ऑक्टोबरातच कापले गेलेले असते व धसकटे उभी असतात. डोरशात पिवळेधमक भात कापणीला आलेले असते. खाली कन्हारात गरवे भात अद्याप हिरवट असते, कारण त्याच्या पायाशी ओल असते. दोन-तीन किलोमीटरांच्या अंतरात हे तिन्ही रंग एकाखाली एक पाहावयास मिळतात. धानाचे वाणही त्या-त्या जमिनीप्रमाणे निराळे असत. दुबराज, विष्णुभोग, सफरी, गुरमटिया अशी त्यांची नावे. रा. हे. रिछारिया या भातशास्त्रज्ञाने गावोगाव हिंडून असे हजारो वाण रायपूरला गोळा केले. तो संग्रह आता तेथील इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे असून त्यातील वाणांच्या नोंदी वीस हजारांच्या वर आहेत. एवढे वाण एका प्रदेशात कशासाठी, असा प्रश्न पडणाऱ्याने भाठ्यापासून कन्हारापर्यंत एकदा सायकल चालवावी. प्रत्येक पायरीची ओल निराळी, म्हणून प्रत्येक पायरीचे भात निराळे. महानदीच्या उगमाकडील नगरी भागातील दुबराजास २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

कन्हारातील भात कापण्याआधी त्याच्या उभ्या पिकातच लाखोरी फोकून देण्याची चाल येथे आहे. तिला उतेरा म्हणतात. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर, न नांगरता, दुसरे पीक येते. हे पीक गरिबाच्या फार उपयोगी, पण त्याला एक काळी बाजू आहे. दुष्काळात माणसे महिनोन्महिने केवळ लाखोरीवर राहिली तर त्यांचे पाय लुळे पडतात. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर देशात बंदी आली ती यामुळेच. पुढे तिच्यातील विषारी द्रव्य कमी असलेले वाण काढण्यात आले, त्या कामात रायपूरच्या विद्यापीठाचा वाटा आहे.

येथे रस्त्यांविषयी सांगणे अवश्य आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले आणि त्यानंतर दोनच महिन्यांच्या आत, २५ डिसेंबर २००० रोजी, प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली. पूर्वी पावसाळ्यात ज्या गावांना चिखलातून जावे लागे तेथे हळूहळू अरुंद डांबरी रस्ते पोहोचले. समोरून ट्रॅक्टर आला तर सायकलीने कडेला उतरावे इतके ते अरुंद असतात. सायकलीचा शांत प्रवास शक्य झाला तो या रस्त्यांमुळे. ते बांधले गेले धान्य, रुग्ण आणि शाळकरी मुले यांच्यासाठी, हौशी प्रवाशासाठी नव्हे. राज्याच्या सरस्वती सायकल योजनेतून नववीतील मुलींना सायकली मिळू लागल्यापासून सकाळी दहाच्या सुमारास या रस्त्यांवर निळ्या-पांढऱ्या गणवेशातील मुलींचे तांडे दिसतात. त्याही आधीपासून रायपूरला रोजगारासाठी येणारे मजूर मागच्या कॅरिअरला जेवणाचा डबा अडकवून याच वाटा तुडवीत आले आहेत. शहरातून येणाऱ्या, पातळ टायरच्या व चकाकत्या सायकलीवरील स्वाराने आपण या रस्त्यावरचे नवखे आहोत, हे ध्यानी ठेवलेले बरे.

रायपूरहून उत्तरेस, बिलासपूरच्या बाजूस, सायकल नेण्यात अर्थ नाही. उरला आणि सिलतरा येथे लोखंडाचे कारखाने आहेत, आणि बलौदाबाजारकडे, चुनखडीच्या त्याच आडव्या थरांवर, सिमेंटचे. मालमोटारींची रांग तुटत नाही. दक्षिण आणि पूर्व या दिशा त्या मानाने शांत. तेथेही नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर सरकारी धानखरेदी चालते. त्या दिवसांत खरेदीकेंद्रांसमोर ट्रॉल्यांच्या रांगा लागतात आणि रस्त्याच्या अर्ध्या भागावर धान वाळत घातलेले असते. त्यावरून चाक घालणे हा मोठा असभ्यपणा होय. खाली उतरून सायकल हाताने न्यावी. दुसरे एक पथ्य बाभळीचे. बांधावरची बाभूळ छाटली की तिचे काटे रस्त्यावर येतात आणि एकेक काटा बोटभर लांब असतो. पंक्चरचे सामान व पंप जवळ नसेल तर चारपाच किलोमीटर चालण्याची तयारी ठेवावी.

महानदीचे पाणी केवळ नदीतून वाहत नाही. धमतरीजवळ रुद्री येथे बंधारा घालून विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत मुख्य कालवा काढण्यात आला. त्याला पाणी पुरविण्यासाठी सिलारी नदीवर मुरुमसिल्लीचे धरण १९२३ मध्ये पुरे झाले. त्याचे वैशिष्ट्य असे की तलाव ठराविक पातळीपर्यंत भरला की वक्रनलिकेच्या तत्त्वावर जादा पाणी आपोआप बाहेर पडते. गंगरेलचे मोठे धरण झाले ते १९७० च्या दशकाच्या अखेरीस. कालवा नेहमी उंचवट्यावरून न्यावा लागतो, म्हणजे दोन्ही अंगांच्या शेतांत पाणी सोडता येते. म्हणून कालव्याच्या कडेची मुरमाची वाट सायकलीला जवळजवळ सपाट मिळते. या शांत वाटेला एक इतिहासही आहे. धमतरीजवळच्या कंडेल गावच्या शेतकऱ्यांनी दहा वर्षांचा पाण्याचा करार करावा असा सरकारचा आग्रह होता. तेवढ्या पैशात आम्ही तलाव बांधू, असे म्हणून गावकऱ्यांनी तो नाकारला. तेव्हा पाणी चोरल्याचा आरोप ठेवून त्यांना दंड करण्यात आला, आणि दंड भरला जाईना म्हणून त्यांची जनावरे जप्त करून बाजारोबाजारी लिलावास नेण्यात आली. बोली बोलावयास कोणी पुढे आले नाही. १९२० चा हा कंडेल नहर सत्याग्रह. पंडित सुंदरलाल शर्मा, नारायणराव मेघावाले आणि छोटेलाल श्रीवास्तव ही त्यातील मुख्य माणसे. शेवटी सरकारला दंड माफ करावा लागला.

राजीम रायपूरपासून ४५ किलोमीटरांवर, महानदीच्या उजव्या तीरावर आहे. पैरी आणि सोंढूर या नद्यांचे पाणी येथे महानदीस मिळते, म्हणून लोक त्यास त्रिवेणी मानतात आणि माघी पौर्णिमेस मोठी जत्रा भरते. रायपूरपेक्षा राजीम फार तर वीस मीटरांनी सखल असेल. चाळीस किलोमीटर सायकल चालवून एवढेसे उतरल्यावर समोर जे पात्र येते ते पाहून मन थबकते. वाळूचा विस्तार एवढा की पलीकडची माणसे ठिपक्यांएवढी दिसतात. पात्राच्या मध्यावर उंच अष्टकोनी जोत्यावर कुलेश्वर महादेवाचे देऊळ उभे आहे. पावसाळ्यात पूर त्याच्या चहूंबाजूंनी वाहतो. सपाट भिंतीवर जे पाणी आदळले असते ते जोत्याच्या कोनांनी दुभंगून दोन्हीकडे निघून जाते. काठावरच्या राजीवलोचन मंदिरात जगपालाचा ११४५ सालचा शिलालेख आहे. तो व त्याच्या काळचे इतर कलचुरी लेख महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांनी नागपुरात बसून संपादिले, आणि तो मोठा ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला.

पूल ओलांडून नवापाऱ्यास परत यावे आणि डाव्या तीराने उत्तरेस निघावे. वाटेत चंपारण्य लागते. वल्लभाचार्यांचे हे जन्मस्थान म्हणून गुजरातेतून वैष्णव येथे येतात. येथून आरंगपर्यंतचा रस्ता या साऱ्या प्रवासातील सर्वांत निवांत म्हणावा लागेल. उजवीकडे कोठेतरी नदी असते, पण ती क्वचितच दिसते. रस्ता दर काही किलोमीटरांनी एखाद्या नाल्यात उतरतो व पुन्हा वर येतो, आणि त्या उतरण्या-चढण्यावरून ती किती जवळ आहे याचा अंदाज बांधता येतो. थंडीत वारा बहुधा ईशान्येचा असतो, म्हणजे समोरचा. तो पहाटे मंद असतो, म्हणून लवकर निघण्यात शहाणपण. गावात न्याहारीला बासी मिळू शकते. रात्रीचा भात पाण्यात ठेवून सकाळी मीठ, कांदा, चटणीबरोबर खातात तो हा पदार्थ. घाम गाळणाऱ्याला पाणी आणि मीठ दोन्ही त्यातून एकदम मिळतात. शेतकऱ्याने तो शोधला तोही असाच घाम गाळून.

सायकलीच्या दीर्घ प्रवासाचा एक शिस्तबद्ध प्रकार फ्रान्सात रूढ झाला आणि गेल्या दीड-दोन दशकांत तो भारतातही आला. त्यात २०० किलोमीटरांचे अंतर साडेतेरा तासांत पुरे करावे लागते व वाटेतील ठाण्यांवर कार्डावर शिक्के घ्यावे लागतात. ती शर्यत नव्हे, चिकाटीची परीक्षा होय, आणि तरुणांनी ती अवश्य द्यावी. मात्र भाठा कोठे संपला आणि मटासी कोठे लागली हे पाहावयाचे असेल तर शिक्क्यांची घाई सोयीची नाही. रायपूर, राजीम, आरंग आणि सिरपूर हा सव्वाशे किलोमीटरांच्या आसपासचा पल्ला दोन दिवसांत करावा.

हे चित्र झपाट्याने बदलत आहे. रायपूरच्या आग्नेयेस नवा रायपूर हे राजधानीचे नगर रुंद रस्त्यांनिशी उभे राहिले. अभनपूरजवळून विशाखापट्टणमकडे जाणारा ४६४ किलोमीटरांचा सहापदरी मार्ग या दशकात हाती घेण्यात आला. त्यावर सायकलीला मज्जाव आहे, आणि जे ग्रामीण रस्ते त्याला आडवे जातात त्यांना बोगद्यासारख्या मोरीतून पलीकडे निघावे लागते. समुद्रापर्यंत माल लवकर पोहोचणे हे राज्याच्या हिताचे आहे, यात वाद नाही. पण असा रस्ता भरावावरून नेलेला असतो. त्याचा स्वतःचा उतार इंजिनिअराने ठरविलेला असतो, जमिनीने नव्हे. भाठ्याला कोणी वाली नाही, कारण तेथे भात पिकत नाही. म्हणून नगर, कारखाना, गोदाम, जे काही नवे यावयाचे ते प्रथम भाठ्यावर येते, आणि गावची गुरे चरावयास खाली उतरतात. खालच्या शेतांतील ओल वरच्या उघड्या मुरमातून झिरपून येत असते, हे शेतकऱ्यास ठाऊक आहे. नकाशावर मात्र भाठा पडीक म्हणूनच दाखविला जातो.

आरंग येथे भांड देऊळ नावाचे जुने जैन मंदिर आहे. तेथून थोडे अंतर मोठ्या महामार्गाने जावे लागते आणि महानदीवरचा लांब पूल ओलांडावा लागतो. पुढे कुहरीच्या फाट्यावर डावीकडे वळले की सिरपूरचा रस्ता, सोळा-सतरा किलोमीटरांचा. झाडी दाट होऊ लागते. सिरपूर ही दक्षिण कोसलाची राजधानी होती. राणी वासटेने पती हर्षगुप्ताच्या स्मरणार्थ सातव्या शतकात बांधविलेले विटांचे लक्ष्मण मंदिर तेथे आजही उभे आहे. महाराष्ट्रात देवळे दगडाची असावयाची, कारण हाताशी काळा पाषाण. येथे नदीची माती हाताशी होती, आणि कारागिरांनी तिचीच वीट भाजून, तीवर कोरीव काम करून शिखर चढविले. १९५३ ते १९५६ या काळात मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी सिरपूरला उत्खनन केले आणि आनंदप्रभ कुटीविहारासारखे बौद्ध विहार उजेडात आणले.

सिरपूरच्या घाटावर महानदी पुन्हा दिसते, राजीमला दिसली होती त्याहून संथ. तेथून उत्तरेस, कसडोलच्या अंगाने, आणखी एका दिवसाच्या सायकलप्रवासावर शिवरीनारायण आहे. जोंक नदीही तेथेच येते, आणि महादेव घाटाखालून निघालेले खारूनचे पाणी शिवनाथाबरोबर तेथे महानदीत उतरते.